टॉर्नेडोचा वसंत असा गेला, तर हरिकेनचा हंगाम कसा जाईल?

मृण्मयी_प्लेनो | २० मे २०२५
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो. सासूबाई-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत आणि आल्यापासून गारा, विजा आणि सायरन एवढंच बघताहेत. १६ मे रोजी सेंट लुईसमध्ये भरदुपारी टॉर्नेडो घुसला. त्याच रात्री केंटकीत सॉमरसेट ते लंडन पट्ट्यात दुसरा आला, १९ माणसं गेली. मार्चमध्ये मिसुरीत असंच झालं होतं. सासरे रोज सकाळी बातम्या लावून बसतात आणि विचारतात, "जमिनीवर हे असं, तर समुद्रावरून काय येणार?"

प्रश्न विचारायचं कारण म्हणजे धाकटा दीर ऑगस्टमध्ये नोकरीसाठी टॅम्पाला जातोय. टॉर्नेडो जास्त झाले की हरिकेनही (समुद्रावरून येणारी चक्रीवादळं) जास्त होतात, असं काही असतं का? जाणकारांनी सांगावं.

दुसरं, आमच्या घराला बेसमेंट नाही. जिन्याखाली क्लोजेट आहे, तो सामानाने गच्च भरलाय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पटकन खाली बसता येत नाही. तुम्ही लोक सायरन वाजल्यावर नक्की काय करता?

अवकाळी | २० मे २०२५
नॉर्मन, ओक्लाहोमा. हवामानशास्त्र शिकतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

थेट संबंध नाही. उलट एका बाबतीत दोघांचं अगदी वाकडं आहे. टॉर्नेडो देणाऱ्या ढगाला विंड शीअर लागतो, म्हणजे जमिनीलगत वारा एका दिशेने आणि वर वेगळ्या दिशेने, वेगळ्या जोराने. मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा येते, पश्चिमेच्या पठारांवरून कोरडी हवा तिच्यावर सरकते, वरून जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, जातो आणि अख्खा ढग स्वतःभोवती फिरायला लागतो. हाच शीअर हरिकेनला मात्र मारतो. हरिकेनचा खांब सरळ उभा राहावा लागतो. वरचा वारा जोरात असला की त्याचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातात.

आकडेही तेच सांगतात. २०११ च्या एप्रिलअखेर चार दिवसांत साडेतीनशेच्या वर टॉर्नेडो झाले, तीनशेहून जास्त माणसं गेली, मेमध्ये मिसुरीतल्या जॉप्लिनचा टॉर्नेडो झाला. त्या वर्षी अटलांटिकमध्ये १९ वादळांना नावं मिळाली, पण हरिकेन म्हणून अमेरिकेला धडकलं ते एकटं आयरीन. २००५ चा वसंत तुलनेने शांत होता आणि नंतर कॅटरिना, रीटा, विल्मा आली.

क्लोजेटबद्दल: सामान आजच काढा. वॉर्निंग मिळाल्यापासून टॉर्नेडो येईपर्यंत सरासरी दहाएक मिनिटं मिळतात, कधी तीही नाहीत. तेवढ्यात खोकी हलवत बसता येत नाही. आत एक बुटकं स्टूल ठेवा, सासूबाईंना जमिनीवर बसायची गरज नाही. आणि सगळ्यांनी पायात बूट घालूनच आत जायचं. वादळ गेल्यावर बाहेर काचा आणि खिळे असतात, बऱ्याच जखमा तिथेच होतात.

बर्मिंगहॅमची_लेक | २० मे २०२५
अलाबामातून +१. बूट आणि हेल्मेट. मुलांची सायकलची हेल्मेटं आमच्याकडे गॅरेजमध्ये नाही, क्लोजेटमध्येच टांगलेली असतात. २७ एप्रिल २०११ ला टस्कलूसातून आलेला टॉर्नेडो आमच्या शहराच्या उत्तरेकडून गेला. एकट्या त्याने ६४ जीव घेतले. तेव्हापासून आमच्या भागात हेल्मेटाचा आग्रह सुरू झाला.

आणि सायरनवर विसंबू नका. तो घराबाहेर असलेल्या लोकांसाठी असतो. एसी चालू, खिडक्या बंद, मध्यरात्र, अशा वेळी आत काही ऐकू येत नाही. तीस-चाळीस डॉलरला वेदर रेडिओ मिळतो. त्यात आपल्या काउंटीचा कोड घालून उशाशी ठेवायचा.

टेक्सासचा_तात्या | २१ मे २०२५
ह्यूस्टन. मृण्मयीताई, हरिकेन किती येणार हे विचारण्यात फारसा अर्थ नाही, असं आता माझं ठाम मत झालंय. गेल्या वर्षीचं बेरिल घ्या. ८ जुलैला माटागोर्डाजवळ आलं तेव्हा कॅटेगरी १, म्हणजे कागदावर सर्वांत कमी. आमच्याकडे वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. जुलैतला ह्यूस्टनचा उकाडा, वर पंखाही नाही. वारा ओसरल्यावर उष्म्याने माणसं दगावली. त्याआधी १६ मे २०२४ ला नाव नसलेलं वादळ आलं होतं, सरळ रेषेत वाहणाऱ्या वाऱ्याचं. डाउनटाउनमधल्या उंच इमारतींच्या काचा फुटून रस्त्यावर पडल्या. ते हंगामाच्या कोणत्याही अंदाजात नव्हतं.

आमच्या घरी फ्रीझरमध्ये वर्षाचा आमरस डबे भरून ठेवलेला असतो. बेरिलच्या दुसऱ्या दिवशी सौ.ने शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून तो संपवला. पिकअपवाला आमचा टेक्सन शेजारी पुऱ्यांसकट तीन वाट्या प्यायला आणि जाताना त्याच्या जनरेटरवरून आम्हाला फ्रिजपुरती वायर टाकून दिली.

जनरेटरचं निघालंच आहे तर: तो गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, लावायचा नाही. घरापासून वीस फूट लांब. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर वादळानंतर यात माणसं जातात.

ठेकेदार_नाशिककर | २१ मे २०२५
एक विचारू का? दर वर्षी उडतात तरी अमेरिकेत लाकडाची घरं का बांधतात? आमच्याकडे नऊ इंची वीट आणि वर स्लॅब असतो, तो काय उडतोय! मी बत्तीस वर्षं या धंद्यात आहे, मला हे खरंच समजत नाही.

नदीकाठ | २१ मे २०२५
आला! हा प्रश्न आल्याशिवाय टॉर्नेडोचा धागा पुरा होत नाही. :)

टॅम्पाकर | २१ मे २०२५
प्रश्न रास्त आहे, काकांना नीट उत्तर देऊ या. मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे.

अमेरिका सरसकट लाकडात बांधत नाही. फ्लोरिडाच्या दक्षिण आणि मध्य भागात घरं बहुतांशी काँक्रीट ब्लॉकची असतात, आत सळ्या, वर टाय बीम. १९९२ मध्ये अँड्र्यू हरिकेन इथल्या होमस्टेड गावावर आलं, वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या. चौकशीत दिसलं की छपरं भिंतींना धड बांधलेलीच नव्हती. त्यातून २००२ पासून राज्यभर एकच कडक बिल्डिंग कोड आला. आता छपराचा प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने भिंतीला जखडावा लागतो, खिडक्यांना शटर्स किंवा मार सोसणारी काच लागते. हे परवडतं, कारण हरिकेन शेकडो किलोमीटर रुंद असतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरावर कधी ना कधी येणारच.

टॉर्नेडोचा पट्टा बहुधा काहीशे मीटरचा. एखाद्या घरावर मोठा टॉर्नेडो नेमका येण्याची शक्यता ओक्लाहोमातही फार कमी. म्हणून सगळं घर किल्ल्यासारखं बांधण्यापेक्षा घरात एक खोली तशी बांधतात, तीच सेफ रूम. ताशी अडीचशे मैलांचा वारा आणि त्या वाऱ्यात उडत आलेली फळी सोसेल अशी तिची चाचणी होते. आणि काका, EF4 च्या वर (टॉर्नेडोची तीव्रता EF0 ते EF5 अशी मोजतात) वीटसुद्धा टिकत नाही. स्लॅब राहील कदाचित, पण खिडकीतून आत आलेली मोटार माणसाला सोडत नाही. २०१३ ला मूर गावात शाळेची भिंत पडून सात मुलं गेली. ती भिंत काँक्रीट ब्लॉकचीच होती.

ठेकेदार_नाशिककर | २१ मे २०२५
वासा पट्टीने जखडायचा, हे आमच्या पत्र्याच्या शेडना आधी लागू करायला हवं. धन्यवाद साहेब. त्या पट्ट्यांचा फोटो असेल तर टाका.

पोफळीची_सावली | २१ मे २०२५
श्रीवर्धनहून लिहिते. इतके दिवस नुसती वाचत होते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं. आमचं घर चिऱ्याचं, भिंतीला काही झालं नाही. कौलं गेली, पडवीचे पत्रे मागच्या विहिरीत सापडले. ते सगळं महिनाभरात उभं राहिलं. बाग नाही राहिली. पोफळ एक वाकली की शेजारच्या तिघींना घेऊन पडते. सकाळी वाडीत उभं राहून वर पाहिलं की आभाळ दिसत नसे, त्या दुपारी अख्खं आभाळ दिसत होतं. नवीन रोप लावलं तर सुपारी धरायला सात-आठ वर्षं. सासऱ्यांनी लावलेल्या झाडांवर आमचं घर चालत होतं. नुकसानभरपाई झाडामागे मोजली, त्या सात-आठ वर्षांची कोणी मोजली नाही.

पुढच्या वर्षी तौक्ते आलं तेव्हा राहिलेल्या झाडांना आम्ही दोरखंडांनी एकमेकींना बांधलं होतं. बरीच वाचली. आता पुन्हा समुद्रात काहीतरी शिजतंय म्हणतात, होड्या वर ओढल्यात.

बर्मिंगहॅमची_लेक | २१ मे २०२५
सावलीताई, फार आतून लिहिलंत. झाडं बांधायची ही पद्धत सविस्तर लिहाल का, वेगळा धागा काढून? आणि काळजी घ्या.

गणिती_बोका | २२ मे २०२५
दीर टॅम्पाला जाणारच असेल तर हे घ्या. आज नोआचा (अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेचा) अंदाज आला: १३ ते १९ नाव मिळणारी वादळं, त्यांतली ६ ते १० हरिकेन, ३ ते ५ मोठी. कोलोराडो स्टेट विद्यापीठाने एप्रिलमध्येच १७, ९ आणि ४ सांगितली होती. सरासरी १४, ७ आणि ३. म्हणजे दोघांच्याही मते सरासरीपेक्षा जास्त.

कोलोराडोवाल्यांचं मला कौतुक आहे. विल्यम ग्रे यांनी १९८४ पासून हे अंदाज सुरू केले आणि आपला अंदाज किती बरोबर आला, किती चुकला हे ते दर वर्षी स्वतःच छापतात. २०२४ ला त्यांनी २३ वादळं म्हटली होती, झाली १८. पण हरिकेन ११ आणि मोठी ५, हे दोन्ही आकडे तंतोतंत जुळले.

तात्यांशी मात्र सहमत नाही. "अर्थ नाही" कसं? विमा कंपन्या, बंदरं, रुग्णालयं याच आकड्यांवर तयारी करतात.

टेक्सासचा_तात्या | २२ मे २०२५
विमा कंपनीला हजार घरांचा हिशोब करायचाय. मला एका घराचा. १९९२ ला सबंध हंगामात नाव मिळालेली सहाच वादळं होती, आणि पहिल्याचं नाव अँड्र्यू. ऑगस्ट अर्ध्यावर येईपर्यंत नाव मिळालेलं एकही वादळ नव्हतं. होमस्टेडच्या माणसाला "यंदा हंगाम थंड आहे" हे ऐकून काय मिळालं?

गणिती_बोका | २२ मे २०२५
हा मुद्दा मान्य. पण मग दीराने काय करावं, तेही सांगा.

टॅम्पाकर | २२ मे २०२५
ते मी सांगतो. घर भाड्याने घेताना आधी इव्हॅक्युएशन झोन बघायचा. A ते E असे असतात आणि ते वाऱ्यावरून नाही, समुद्राचं पाणी कुठवर चढेल यावरून ठरतात. त्याला D, E किंवा झोनबाहेरचं घर बघायला सांगा, ऑफिस दहा मिनिटं लांब पडलं तरी चालेल.

गेल्या वर्षी दोन आठवड्यांच्या अंतराने आम्ही दोन्ही टोकं पाहिली. हेलीन हरिकेन इथून शंभराहून जास्त मैलांवरून गेलं, वारा फारसा नव्हता, पण खाडीचं पाणी सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर आणि घरांत शिरलं. मग मिल्टन आलं. ते थोडं दक्षिणेला सिएस्टा की बेटावर उतरलं आणि उलट्या वाऱ्याने टॅम्पाच्या खाडीचं पाणी बाहेर ओढून नेलं. चिखलात पाय रोवून उभे असलेले धक्के दिसत होते. वीस-तीस मैलांच्या फरकाने आमचं नशीब फिरलं.

टॉर्नेडोच्या मूळ प्रश्नालाही मिल्टनचं उत्तर आहे. ते पश्चिम किनाऱ्यावर यायच्या काही तास आधी पूर्व किनाऱ्यावर फोर्ट पिअर्सजवळ त्याच्या बाहेरच्या पट्ट्यांतून टॉर्नेडो निघाले, ज्येष्ठांच्या वसाहतीत सहा माणसं गेली. वादळाचा डोळा दोनशे किलोमीटरहून जास्त लांब होता.

अवकाळी | २२ मे २०२५
अगदी. हरिकेनच्या पुढच्या उजव्या भागात जमिनीलगत शीअर भरपूर असतो, तिथे टॉर्नेडो जन्मतात. २००४ मध्ये अमेरिकेत १८०० हून जास्त टॉर्नेडो झाले, आजवरचा तो उच्चांक आहे. त्यात मोठा वाटा आयव्हन आणि फ्रान्सिस या हरिकेनांचा. दोघांनीही प्रत्येकी शंभरावर टॉर्नेडो काढले. म्हणजे संबंध आहे तो असा: हरिकेन जास्त, तर टॉर्नेडो जास्त. मृण्मयीताईंच्या सासऱ्यांनी विचारलं त्याच्या उलट दिशेने.

रोखठोक | २३ मे २०२५
हे सगळं वाढवून सांगतात. २०१३ नंतर एकही EF5 झालेला नाही. बारा वर्षं! टॉर्नेडो कमजोर होताहेत, बातम्या जोरात होताहेत.

अवकाळी | २३ मे २०२५
EF हा आकडा वाऱ्याचा नसतो, नुकसानीचा असतो. मागाहून पडझड बघून वारा किती असावा ते ठरवतात. टेड फुजिता यांनी १९७१ मध्ये ही पद्धत आणली. हा माणूस नागासाकीवर बाँब पडल्यावर तिथल्या पडझडीचा अभ्यास करून आलेला. झाडं कोणत्या दिशेला आडवी झाली यावरून वरचा वारा वाचायची नजर त्यांना तिथे मिळाली.

आता बघा: ३१ मे २०१३ ला एल रिनोचा टॉर्नेडो २.६ मैल रुंद होता. फिरत्या रडारने त्यात ताशी तीनशे मैलांच्या आसपास वारा मोजला. पण तो शेतांतून गेला, पाडायला पक्कं काही नव्हतं, म्हणून नोंद EF3. त्यातच टिम समारास गेले. टॉर्नेडोच्या वाटेत उपकरणं ठेवणारा तो सर्वांत सावध संशोधक म्हणून ओळखला जायचा. आमच्या विभागात त्यांचं नाव आजही हळू आवाजात घेतात. "कमजोर" हा शब्द इथे वापरू नका, ही विनंती.

रोखठोक | २३ मे २०२५
माहितीबद्दल आभार. पण मग वेधशाळेत माणसं कमी करताहेत, हवामान मोजणारे बलून सोडणं थांबवताहेत, त्याचं काय? ओमाहा आणि रॅपिड सिटीचे बलून मार्चमध्ये बंद केले. वरचा वारा मोजायचा तोच एक थेट मार्ग आहे ना? यावर कोणी बोलत का नाही?

संपादक_मंडळ | २३ मे २०२५
बलूनचा आणि अंदाजाचा संबंध यावर अवश्य लिहा. पक्ष आणि नेते यांच्यासाठी राजकारणाचा विभाग आहे. त्या वळणाचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

अवकाळी | २३ मे २०२५
हो, काळजीची गोष्ट आहे. उपग्रह आणि विमानं बरंच देतात, पण ढग फुटण्याआधी हवेचे थर कसे रचलेत हे बलूनइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

पोफळीची_सावली | २५ मे २०२५
काल रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून ते गेलं. वादळ झालं नाही, डिप्रेशनच (कमी दाबाचं क्षेत्र) राहिलं. पाऊस तुफान. झाडं उभी आहेत.

नदीकाठ | २६ मे २०२५
हुश्श. आणि आज मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर झालं, मेमध्येच! नोंदींतला सर्वांत लवकरचा. भुयारी मेट्रोच्या वरळीच्या स्टेशनात पाणी. एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापण्याचा काळ) नसला की तिकडे हरिकेन आणि इकडे पाऊस, दोन्ही खुलतात ना?

गणिती_बोका | २६ मे २०२५
साधारणपणे. एल निनो अटलांटिकवर शीअर वाढवतो, आपल्याकडे पाऊस कमी करतो. पण १९९७ ला एल निनो जबरदस्त होता तरी आपला पाऊस सरासरीएवढा झाला, आणि २०२३ ला एल निनो असूनही अटलांटिकमध्ये २० वादळं झाली, कारण समुद्रच तापलेला होता.

मृण्मयी_प्लेनो | २७ मे २०२५
सगळ्यांचे मनापासून आभार. क्लोजेट रिकामा केला. आत स्टूल, टॉर्च, पाणी, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि चौघांची हेल्मेटं. काल रंगीत तालीम केली. सासूबाई पदर खोचून, हेल्मेट घालून, स्पोर्ट्स शूज चढवून सगळ्यांच्या आधी आत! सासरे खिडकीपाशी ढग बघत थांबले होते. त्यांना सांगितलं की डिसेंबर २०१५ मध्ये गारलंड-रोलेटच्या टॉर्नेडोत गेलेल्यांपैकी बरेच जण गाडीत, हायवेच्या पुलांपाशी होते, आणि ते ठिकाण आपल्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. ते निमूट आत आले.

टॅम्पाकर, दीराला झोनचा नकाशा पाठवला. विम्याचं काही?

टॅम्पाकर | २७ मे २०२५
भाड्याचं घर असेल तर रेंटर्स (भाडेकरूचा) विमा घ्यायलाच सांगा. पूर मात्र कोणत्याही साध्या पॉलिसीत येत नाही, सामानासाठी वेगळी फ्लड पॉलिसी लागते आणि सरकारी पॉलिसी घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते. वादळाला नाव पडल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. पुढे घर घेतलं तर हरिकेनचं डिडक्टिबल टक्क्यांत असतं हे बघून ठेवा: चार लाखांचं घर, दोन टक्के, म्हणजे पहिले आठ हजार डॉलर आपल्या खिशातून.

गणिती_बोका | २ डिसेंबर २०२५
धागा वर काढतोय. हंगाम परवा संपला. १३ वादळं, ५ हरिकेन. मोठी मात्र पाचांतली चार आणि त्यांतली तीन कॅटेगरी ५. अमेरिकेला एकही हरिकेन धडकलं नाही, २०१५ नंतर पहिल्यांदा. आणि रोखठोक, २० जूनचा नॉर्थ डकोटातला एंडरलिनचा टॉर्नेडो ऑक्टोबरमध्ये EF5 ठरवला. धान्याने भरलेले रेल्वेचे डबे त्याने उलथवले होते.

टेक्सासचा_तात्या | २ डिसेंबर २०२५
"एकही धडकलं नाही" हे अमेरिकेपुरतं. २८ ऑक्टोबरला मेलिसा जमैकावर १८५ मैलांच्या वाऱ्याने उतरलं. आमच्या ऑफिसातल्या एकीचं माहेर ब्लॅक रिव्हरजवळ आहे, आठवडाभर आईवडिलांचा फोन लागत नव्हता. आम्ही इथून ताडपत्र्या आणि सोलर दिवे गोळा करून पाठवले, अजून पाठवतोय. कोणाला द्यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि टेक्सासमध्ये ४ जुलैला ग्वाडलूप नदीच्या पुरात शंभरावर माणसं गेली. त्या पावसात बॅरीची उरलेली ओल होती. बॅरी हे जेमतेम दिवसभर टिकलेलं, मेक्सिकोत विरलेलं वादळ. मोजणीत त्याची किंमत एक.

मृण्मयी_प्लेनो | ३ डिसेंबर २०२५
तात्या, व्यनि केला आहे. दीर टॅम्पात झोन E मध्ये राहतोय, त्याची फ्लड पॉलिसी सुरू झाली. आम्ही गॅरेजमध्ये सेफ रूम बसवायचं ठरवतोय, मार्चच्या आत. दार आत उघडणारं घ्यावं की बाहेर?

अवकाळी | ३ डिसेंबर २०२५
आत उघडणारं किंवा सरकतं. बाहेर मलबा पडला तर बाहेर उघडणारं दार अडकतं. स्लॅबला बोल्ट कसे मारणार ते आधी विचारा. तुमच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतील, डॅलसकडे बहुतेक घरांना असतात, आणि भोक पाडताना त्यांना धक्का लागता कामा नये. बसवून झाल्यावर शहराकडे नोंद होते का तेही बघा, म्हणजे घर पडलं तर तुम्हाला कुठे शोधायचं हे अग्निशमनवाल्यांना माहीत असतं. आमच्याकडे नोंदणी फुकट आहे.